ज्वारीच्या दाण्याएवढी फट

मदरशात, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या आमच्या उर्दू शाळेत, मला बक्षीस म्हणून पट्टी मिळाली, त्या दिवसापासून गावातली एकही वस्तू मी मोजल्याशिवाय सोडली नाही. चावडीचा उंबरा मोजला, मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या मोजल्या, बबनराव पाटलांच्या घोडीचा कान मोजायला गेले तर ती चावायला आली. बारा इंचांची पट्टी, पिवळ्या लाकडाची, एका कडेला पितळ बसवलेलं! वर्गात एकोणीस मुलगे आणि मी एकटी मुलगी, आणि सरकारी फसली सन तेराशे एक्केचाळीसच्या सालाना इम्तिहानात हिसाबात पहिली कोण? मी. मास्तर म्हणाले होते, "चंद्रभागा, मापाला खोटं बोलता येत नाही." ते वाक्य मला इतकं आवडलं की दिसेल त्याला मी ते ऐकवत सुटले.

हे आधी सांगून घेतलं, कारण पुढचं सांगताना जीभ जड होते. पण सांगणार आहे.

माझे आबा म्हणजे उत्तरेश्वर सुतार. गोदेच्या काठची दहा-बारा गावं त्यांना नुसतं मिस्त्री म्हणायची. गाड्यांची चाकं, तिफणी, दारं, चौकटी, सगळं त्यांच्या हातचं. आणि आबांना दिसत नव्हतं.

एकदम गेलं नाही ते. आधी सुईत दोरा जाईना. मग करवतीची रेघ दिसेना. गेल्या दिवाळीपासून तर समोर माणूस उभा राहिला की 'कुणीतरी हाय' एवढंच त्यांना कळायचं. उजव्या डोळ्यावर दुधासारखी साय आली होती, डाव्यावर येत होती. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. आई मी पाच वर्षांची असतानाच गेली, त्यामुळे घरात तिसरं माणूस नव्हतंच. अंगणाला तुराट्यांचा कूड होता. त्या कुडाच्या आत रेघ मी मारायची, करवत मी ओढायची, रंधा मी फिरवायची, आणि आबा नुसता हात फिरवून सांगायचे, "हितं उचललंय. आजून दोन हात मार." गिऱ्हाईकाची चाहूल लागली की मी पळत जाऊन चुलीपुढे बसायची आणि आबा लाकूड तासायचा वाकस हातात घेऊन बसायचे. वाकसाची धार कुठे आहे हे त्यांना बघावं लागत नव्हतं.

माझं लग्न झालं नव्हतं त्याचं कारणही हेच. स्थळ आलं की आबा म्हणायचे, "पोरगी शिकतीया, बगू फुडल्या साली." गावाला वाटायचं, मिस्त्री पोरीला मदरशात घालून वाया घालवतोय. गावाला काय माहीत, पोरगी गेली तर मिस्त्रीचे डोळे जाणार होते.

चैत्रात बिभीषणमामा आले. आमच्या गावच्या उतारावर, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, नाव चालवणारे ते. अलीकडचा काठ बीड जिल्ह्यात, पलीकडचा औरंगाबादेत, आणि मध्ये मामांची नाव. त्यांच्यासोबत गुरुलिंगआप्पा होते. आप्पांचं किराणा दुकान. दर मंगळवारी पलीकडच्या बाजारातून माल भरून आणायचे. गोल चेहरा, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि तोंडात कायम काहीतरी चेष्टा.

"मिस्त्री," मामा म्हणाले, "नावंच्या दोन्ही टोकाला बसायच्या फळ्या हाईत न्हवं, त्यांच्याखाली पोकळ कप्पे हाईत. फुडल्यात मी भोपळे ठिवतो, मागल्यात आप्पाचं सामान. दोन्हीला दारं बशीव."

"भोपळ्याला दार कावून लागतं बे?" आबा म्हणाले.

"तर! पोरं पळवित्यात की. चार हुते, दोन राह्यले. एक तर पाटलाच्या नातवानं ढोल म्हनून बडवून फोडला."

हे भोपळे म्हणजे वाळवलेले दुधी. आतून पोकळ, तोंड डांबरानं बुजवलेलं, कमरेला लांब दोरी बांधलेली. कुणी पाण्यात पडलं की मामांनी भोपळा फेकायचा, पडलेल्यानं तो छातीशी धरायचा आणि मामांनी दोरी ओढायची. भोपळा माणसाला बुडू देत नाही. सरकारचा हुकूमच होता, नावेत भोपळे पाहिजेत म्हणून.

"आन् माझं मीठ," आप्पा मध्येच म्हणाले. "पलीकडनं मीठ घिऊन निगतो, घरी येस्तवर खारं पानी. आमची मंडळी इचारती, तुमी बाजाराला गेलते का समुद्राला?"

आम्ही सगळे हसलो. मग हसता हसताच आप्पा म्हणाले, "पर फट ठिवू नगा हां मिस्त्री. परवा आमच्या देवघराला दार केलंत, त्यातनं उंदीर जातुया आन् परसाद खातुया. वय झालं वाटतं तुमचं."

आबांचा हात वाकसावर थांबला. देवघराचं ते दार मी एकटीनं केलेलं पहिलं दार होतं.

ते दोघे गेले. मग आबा उठून चाचपडत कोनाड्याकडे गेले, डब्यातून ज्वारीचे चार दाणे काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. "नावंचं दार हाय, चंद्रे. चारी अंगांनी दाणा सरकंल येवढी फट सोड. लाकूड पानी पितं. उन्हाळ्यात बारीक व्हतं, पावसाळ्यात फुगतं."

"हो आबा."

मी ते शंभरदा ऐकलं होतं. शंभरदा ऐकलेलं माणूस ऐकतच नाही.

नदीला पाणी कमी होतं तेव्हा मामांनी डांबर लावायला नाव बैलांनी ओढून काठावर आणली आणि मग आमच्या कुडाच्या आतच आणून टाकली. मी पट्टी घेऊन आत वाकले. पुढच्या कप्प्याचं तोंड रुंदीला साडेअठरा इंच, उंचीला सव्वातेरा. फळ्या कडुलिंबाच्या, ऊन खाऊन पापडासारख्या खणखणीत झालेल्या. मी कापल्या, त्यांवर रंधा मारला, मागून पट्ट्या ठोकल्या, बिजागऱ्या लावल्या. दार चौकटीत बसवलं आणि दाणा सरकवून बघितला. सरकत होता. म्हणजे ते दार आबांच्या मापानं बरोबर होतं. आणि मला ते बघवेना! चारी बाजूंनी उजेड दिसत होता. माझ्या कानात आप्पांचा उंदीर धावायला लागला. गावात कुणीतरी म्हणेल, मिस्त्रीच्या दारातून दिवसा तारे दिसतात. मग दुसरा म्हणेल, मिस्त्रीला दिसत नाही की काय? झालं!

मी ते दार बाजूला टाकलं. नव्या फळ्या घेतल्या. या वेळी पट्टी घट्ट धरली आणि साडेअठराला साडेअठरा कापलं. शेवटचे दोन हात रंधा मारून असं बसवलं की दार लावल्यावर कप्पा कुठे संपतो आणि दार कुठे सुरू होतं ते कळू नये. मागच्या कप्प्याचंही तसंच. मला स्वतःचाच मुका घ्यावासा वाटला.

"दाणा सरकतुया न्हवं?" आबा ओट्यावरून म्हणाले.

"सरकतोय."

ते उठून हात लावायला आले. मी म्हणाले, "आबा, डांबर ओलं आहे, हात भरेल." ते थांबले आणि मागे फिरले. डांबर कालच वाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा आणि आप्पा बघायला आले. आप्पांनी पोती शिवायचं दाभण बंडीतून काढलं आणि दाराच्या कडेनं घालायचा प्रयत्न केला. मग तिथंच पडलेली सुई घेतली. "दाभण सोडा, सुई बी जाईना! मिस्त्री, माफ करा बाबा. हात हाय तुमचा आजून."

आबा हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा मी त्यांना तसं हसताना पाहिलं. आप्पांनी मला चुलीपुढून हाक मारून गुळाचा खडा दिला. "घ्या मास्तरीणबाई. मापाला काय व्हतं म्हनालीस त्या दिशी?"

"खोटं बोलता येत नाही, आप्पा."

"बराबर! मी बी माझ्या तागडीला हेच सांगतो, पर ती ऐकती कुठं?"

गूळ गोड होता. मी तो चोखत चोखत नाव पाण्यात ढकलताना बघितली.

श्रावणात एकदा उताराजवळ मामा भेटले. म्हणाले, "पोरी, मागलं दार जरा आवळतंय. रोज लाथ घालून उघडाय लागतंय. आता पुरतं लावीतच न्हाई मी."

"नवं आहे मामा, वापरून सैल होईल," मी म्हणाले. चपलेसारखं! किती सहज म्हणाले मी ते! मागचं दार ते रोज उघडत होते म्हणून आवळल्याचं कळलं. पुढचं दार कुणी उघडतच नव्हतं. भोपळे काही रोज लागत नाहीत.

भाद्रपदातल्या दुसऱ्या मंगळवारी मी मदरशातून येताना उतारावर थांबले. वर कुठेतरी खूप पाऊस झाला होता. नदी गढूळ, फुगलेली, मध्ये मध्ये अख्खी झुडपं वाहत होती. तरी मामांची नाव पलीकडून निघाली होती. नावेत आप्पा, त्यांची दोन पोती, आणि आष्टीकडचे बैलांचे दोन व्यापारी. मी हात हलवला. आप्पांनीही हलवला, आणि काहीतरी ओरडले, माझी चेष्टाच असणार.

नाव मधोमध आली तेव्हा पाण्याखालून एक ओंडका आला. धक्का बसला एवढंच दिसलं. नाव कलंडून परत सरळ झाली. व्यापारी कडेला लोंबकळले आणि आत चढले. आप्पा आत नव्हते.

ते बुडाले नव्हते! मी बघत होते. त्यांच्या धोतरात हवा भरली होती आणि ते पाण्यावर बसल्यासारखे नावेपासून पाच-सहा हातांवर तरंगत होते. त्यांनी हात वर केला होता. मी काठावर उड्या मारत ओरडत होते, "मामा, भोपळा! भोपळा टाका!" मामांनी वल्हं पुढे केलं, ते पोहोचलं नाही. मग ते नावेच्या पुढच्या टोकाला धावले, गुडघ्यावर बसले, डोकं खाली घातलं. आणि उठेनातच. आमच्याकडे पाठ, आप्पांकडे पाठ, नुसते वाकलेले. व्यापारी काहीतरी ओरडत होते. आप्पांच्या धोतरातली हवा गेली. आधी खांदे गेले, मग हात गेला.

नाव काठाला लागली तेव्हा मामांच्या दोन्ही हातांची नखं फाटली होती. बोटांतून रक्त येत होतं. "दार," ते म्हणत होते. "दार उघडंना." कुणी ऐकलं नाही. सगळे काठाकाठानं खालच्या अंगाला पळत होते.

आप्पा तिसऱ्या दिवशी सापडले, दोन कोसांवर, बाभळींत. त्यांना बसवून पुरलं, त्यांच्यात असतं तसं. त्यांची बायको शांतादेवी, जिला सगळं गाव अक्का म्हणतं, ती रडली नाही. नुसतं विचारत राहिली, "भोपळं हुतं न्हवं नावंत? मग?"

व्यापारी आपल्या गावी गेले, पण जाताना चावडीवर सांगून गेले. नावाडी जिवाच्या भीतीनं पाठ करून दडून बसला, शेठ मेला. मामा म्हणत राहिले, दार अडकलं. मग पाचव्या दिवशी बबनराव पाटील दहा माणसं घेऊन नावेपाशी गेले. नाव त्या दिवसापासून काठावर ओढलेली, आणि पाऊस उघडून कडक ऊन पडलेलं. पाटलांनी एक बोट घातलं आणि पुढचं दार ओढलं. ते गुपचूप उघडलं. आत दोन भोपळे.

"हे आडकलं हुतं व्हय रे?" पाटील म्हणाले. कुणीतरी थुंकलं. मामा दाराकडे बघतच राहिले. भूत बघितल्यासारखं.

मीही तिथे होते. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. दार उघडतंय! म्हणजे माझं दार चांगलं होतं. म्हणजे मामाच खोटं बोलत होते. त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या.

आठव्या दिवशी तालुक्याहून कागद आला. उर्दूत होता, आणि पटवारी गावात नव्हता, म्हणून पाटलांनी मला चावडीवर बोलावलं. चाळीस-पन्नास माणसं समोर बसलेली, आणि मी उभी राहून खणखणीत आवाजात वाचते आहे! पहिल्या दोन ओळी मी अगदी ऐटीत वाचल्या. मग अर्थ कळायला लागला. पोलिसांचे अमीनसाहेब जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, चौकशीला येणार. नावाडी बिभीषण वल्द राधाकिशन यानं भोपळे मौजूद असून फेकले नाहीत हे साबीत झालं, तर उताराचा मक्ता काढून घेतला जाईल आणि त्याला बीडच्या तुरुंगात नेलं जाईल. मामा खांबाला टेकून ऐकत होते. बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. लोक पांगले तेव्हा ते म्हणाले, "ग्वाड वाचतीस, पोरी." त्यात टोमणा नव्हता. तेच लागलं मला.

घरी आले आणि पाय धुवायला गेले; तिथे कायम पाणी सांडलेलं असायचं. न्हाणीचं दार मला उघडेना. मी हिसके दिले, लाथ घातली. आबा ओट्यावरून म्हणाले, "आगं, पानी पिलंय ते. दोन दिस ऊन लागू दे, आपसूक उघडंल."

मी तिथंच, न्हाणीच्या दारात, चिखलात बसले.

दोन दिवस ऊन लागू दे. नावेला पाच दिवस लागलं होतं.

आबांना सगळं सांगितलं. सांगताना माझी पट्टी माझ्या हातात होती, का घेतली होती कुणास ठाऊक. शेवटी आबा म्हणाले, "डांबर वाळलं हुतं का तवा?"

"हो."

"मी हात लावला आसता तर कळलं आसतं."

"हो आबा."

चूल विझून गेली होती. ते म्हणाले, "बोलू नगंस. बिभीषणाला सोडतील. पुरावा काय हाय? आन् तू बोललीस, तर दार कुनी केलं ते निघंल. मग मिस्त्रीचं डोळं निघंल. मग आपन खायाचं काय? तुला मी असा आंधळा बाप घिऊन कुनाच्या दारात उभा करू?"

हे खरंच होतं सगळं. मी मान हलवली. हलवलेली त्यांना दिसली नसणार.

जुमेरातला अमीनसाहेब आले. चावडीवर खुर्ची, पुढे मामा उभे. अक्का डोक्यावरून पदर घेऊन एका कडेला बसलेली. मी मुलांच्या मागे उभी होते, आणि ठरवलं होतं की बोलायचं नाही. साहेबांनी मामांना भोपळ्यांचं विचारलं, "तुंबे थे?"

"हुते हुजूर."

"फेंके क्यूं नहीं?"

"दार आडकलं हुतं."

लोक हसले. मामांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि मान खाली घातली. मग म्हणाले, "जाऊ द्या हुजूर. लिवा काय लिवायचं ते."

"थांबा!" मी म्हणाले. "साहेब, ते दार उन्हात वाळून बारीक झालंय. पाण्यात होतं तेव्हा फुगलं होतं. नावेचं पुढचं टोक एक रात्र पाण्यात बुडवून ठेवा आणि उद्या सकाळी उघडून बघा."

"ये छोकरी कौन?"

"मिस्त्रीची पोरगी, साहेब," पाटील म्हणाले. "लई शिकलीया. चंद्रे, गप ऱ्हा. उत्तरेश्वर मिस्त्रीचं दार हाय ते. चाळीस वर्सांत त्याचं एक दार आडकलेलं न्हाई. असल्या पोरखेळापायी साहेबांना मुक्काम कराया लावतीस व्हय?"

साहेबांनी कागद पुढे ओढला. तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला. ते कधी आले, कसे आले, मला कळलं नव्हतं. "चूक माझी हाय. दार मीच घट्ट केलं."

पाटलांनी हात झटकला. "बास मिस्त्री. दोस्ताला वाचवाया खोटं बोलू नगा. तुमचा हात गावाला ठावा हाय."

सगळे माना डोलवायला लागले. साहेबांनी टाक दौतीत बुडवला. आणि मला कळलं की जोवर ते दार मिस्त्रीचं आहे, तोवर मामांचं कुणी ऐकणार नाही.

मी साहेबांच्या पुढ्यात गेले आणि माझी पट्टी त्यांच्या हातात दिली. म्हणाले, "ही वर धरा साहेब." त्यांनी का कोण जाणे, धरली. मी वळले. आबा आठ-दहा हातांवर उभे होते, अगदी ताठ, फेटा बांधलेला. तो त्यांनी स्वतः बांधला होता आणि एका बाजूला सुटला होता.

"आबा, साहेबांच्या हातात काय आहे?"

आबांचे डोळे साहेबांच्या डाव्या अंगाला, भिंतीकडे बघत होते.

"सांगा ना आबा."

"चंद्रे..."

"काय आहे?"

"कागद," आबा म्हणाले.

साहेबांनी हळूच हात खाली घेतला. मी म्हणाले, "दिवाळीपासून त्यांना दिसत नाही. सगळं काम मी करते. त्यांनी मला फट सोडायला सांगितली होती. मी सोडली नाही. आणि सोडली म्हणून सांगितलं."

साहेबांनी मुक्काम केला. मामांनी आणि चार जणांनी नावेचं पुढचं टोक पाण्यात लोटलं, वर दगड ठेवले. सकाळी सगळा गाव काठावर होता. साहेबांनी बूट काढले, पाण्यात उतरले आणि स्वतः दार ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. मग पाटलांनी ओढलं. मग त्यांनी मागे सरकून मामांच्या बोटांच्या चिंध्यांकडे बघितलं, आणि कुणाकडेच न बघता फेटा सारखा केला.

साहेबांनी कागदावर काय लिहिलं ते मी वाचलं नाही. मामा सुटले.

लोक हलले तेव्हा अक्का माझ्यापाशी आली. मला वाटलं मारेल. बरं झालं असतं. ती म्हणाली, "किती फट लागत हुती?"

माझ्या परकराच्या गाठीत आबांनी दिलेले ते चार दाणे अजून होते. मी एक काढून तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला.

"येवढीच?"

मी हो म्हणाले. दाणा मुठीत धरून ती निघून गेली.

त्यानंतर चार दिवसांत आमचं अंगण रिकामं झालं. भांडण नाही, शिव्या नाहीत. कुणी येऊन म्हणायचं, "मिस्त्री, ती जूची लाकडं नेतो, सध्या घाई न्हाई." कुणी अर्धं झालेलं चाक गडगडत न्यायचं. आबा प्रत्येकाला "न्या न्या" म्हणायचे. वाकस त्यांनी कोनाड्यात ठेवला, धार भिंतीकडे करून. माझ्याशी ते बोलत होते, म्हणजे पाणी दे, मीठ दे, एवढं. मला एकदाही रागावले नाहीत. मदरशात मास्तरांनी मला पुढे बसवलं आणि काहीच विचारलं नाही. पट्टी माझ्या दप्तरात आहे. ती खरंच खोटं बोलली नव्हती. साडेअठरा म्हणजे साडेअठराच होतं.

पाचव्या दिवशी कुडाबाहेर पावलं वाजली. बिभीषणमामा होते. काखेत ते दार, आणि मागचंही. दोन्ही त्यांनी अंगणात टाकली.

"कर," ते म्हणाले.

"आबा आता..." मी म्हणाले.

"ज्यानं केलं त्यानं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बोटांची नखं अजून आली नव्हती. ओट्यावर बसूनही राहिले नाहीत, बाहेर जाऊन कुडाला पाठ लावून उभे राहिले.

मी रंधा काढला. रंधा मारायला लागले तेव्हा आबा ओट्यावरून उतरले आणि चाचपडत माझ्याशेजारी येऊन बसले. मी तासत गेले. दाराची कड कमी होत गेली, लिंबाच्या कडवट वासाच्या ढलप्या आमच्या दोघांच्या पायांवर पडत गेल्या. चौकटीचं माप मामांना विचारावं लागलं नाही, मला पाठ होतं. झाल्यावर आम्ही तिघं उतारावर गेलो. मी दारं बसवली आणि आबांचा हात धरून कडेवर ठेवला. त्यांनी परकराच्या गाठीतला दाणा मागून घेतला आणि स्वतः चारी अंगांनी सरकवला. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मग पुन्हा एकदा सगळीकडून.

"हाय," ते म्हणाले.

मामांनी नाव लोटली.

आता नाव चालली की ती दारं खडखडतात. मंगळवारी अक्का दुकानाचा माल आणायला पलीकडे जाते. आप्पांची दोन पोती तशीच, ती स्वतः पुढच्या फळीवर, त्या दाराच्या वर बसते. नाव मधोमध गेली की खडखड काठावरूनही ऐकू येते. उतारावरची माणसं बोलताना थांबतात. मी पण थांबते. पलीकडच्या काठाला नाव लागेपर्यंत मी तिथून हलत नाही.